खांबावरचे हात

बायकोची पेटी खड्ड्यात उतरवली तेव्हा सगळ्या गावाने मूठभर माती टाकली. मुलाने टाकली, सुनेने टाकली, बांधावरून ज्यांच्याशी माझं जन्मभर बोलणं नव्हतं त्यांनीही टाकली. आमच्यात ती रीत आहे. मूठमाती दिल्याशिवाय माणूस सुटत नाही. जाणारा सुटत नाही आणि राहणाराही नाही. एकटी आमची मुलगी माती टाकायची राहिली. ती इटलीत एका म्हातारीला सांभाळायच्या कामावर होती. कागद अडकलेत, निघता येत नाही, असं तिने रडत फोनवर सांगितलं होतं.

कबर खणणारा फावड्याने माती ओढायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, "उशाकडे, क्रुसाच्या खाली, वाटीएवढी जागा सोड."

"कशाला?"

"मुलगी यायची आहे."

त्याने माझ्या मुलाकडे बघितलं. मुलाने जमिनीकडे बघितलं. शेवटी त्याने जागा सोडली. मी घरून एक मंगलोरी कौल नेलं आणि त्या खळग्यावर पालथं घातलं, पावसाने बुजायला नको म्हणून.

तेव्हापासून ते कौल तिथेच होतं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळ्या कबरी धुऊन-पुसून, फुलं लावून, मेणबत्त्यांनी उजळलेल्या असतात. हल्ली तर प्रत्येकाने काळी चकचकीत लादी बसवलेली आहे. त्यात आमचीच तेवढी मातीची, आणि वर कौल. बायका येऊन विचारायच्या, घर बांधताय की काय इथे?

मुलगा म्हणाला, "पप्पा, गाव हसतंय."

"हसू दे. दात आहेत त्यांना."

"फादरसुद्धा म्हणाले, लादी बसवून घ्या."

"फादरांची बायको नाही खाली."

माझ्याशी बोलून उपयोग नसतो हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. मी चौथी शिकलेला माणूस. वसईजवळ उमेळ्याला आमची वाडी. केळी, पानवेली, थोडी फुलं. त्या वाडीच्या जिवावर दोन मुलं वाढवली आणि कुणाच्या दारात काही मागायला गेलो नाही. वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली, मुलगी आली नाही. पुढचा पावसाळा गेला तरी आली नाही. फोनवर दर वेळी कागद. तेव्हा मी मुलाला म्हटलं, माझा पासपोर्ट काढ, मी जातो आणि तिला घेऊन येतो.

"तिथे तुम्हाला कोण ओळखतं?"

"माझी मुलगी ओळखते."

गेलो तेव्हा तिथे हिवाळा होता. धुकं इतकं की समोरचा माणूस जवळ आल्यावरच माणूस आहे हे कळायचं. मुलगी जिथे काम करत होती तिथे मला राहायची सोय नव्हती. आगाशीकडचं एक जोडपं त्या गावात कामाला होतं, त्यांच्या स्वयंपाकघरात माझी खाट टाकली. भली माणसं. पण दिवसभर दोघं कामावर, आणि मी खिडकीतून धुकं बघत बसलेलो. मुलीला आठवड्यातून दोनदाच सुट्टी, गुरुवारी दुपारी आणि रविवारी. स्टेशनवर मला घ्यायला आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. केस कापलेले, अंगावर लांब काळा कोट. गळ्यात पडली. मी म्हटलं, "बाय, किती वाळलीस." ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही किती म्हातारे झालात." आईचा विषय दोघांनी काढला नाही.

सुट्टीच्या दिवशी भेटायचं कुठे? उघड्यावर थंडी, हॉटेलात बसलं की बिल. म्हणून ती मला तिथल्या जुन्या बासिलिकेत घेऊन जायची. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा मीही देऊळच म्हणेन. ते देऊळ मी पहिल्यांदा बाहेरून बघितलं आणि म्हटलं, "हे? हे बघायला लोक येतात?" नुसत्या उघड्या विटा. पातळ, लांबट, जुन्या तांबड्या विटा, आणि गिलावा करायचा राहून गेल्यासारख्या सपाट भिंती. बाजूला एक गोल मनोरा, तोही विटांचा, जरासा कललेला. आमच्या वसईच्या किल्ल्यातली पडकी देवळं याहून डौलदार आहेत. त्यांना छप्पर नाही, पण दारावरचं दगडी नक्षीकाम तरी आहे.

मुलगी हसली. म्हणाली, "आत चला."

आत गेलो आणि डोक्यावरची टोपी आपोआप हातात आली. लांबच्या लांब दालन, दोन्ही बाजूंना दगडी खांबांची रांग, खांबाखांबांमध्ये कमानी. वर लाकडी छत. आणि कमानींच्या वर, छतापर्यंत, भिंत म्हणून दिसत नव्हती. सगळं सोनं. सोन्यात माणसं उभी. रंग लावून काढलेली नव्हेत, काचेच्या बारीक चिपा एकाशेजारी एक बसवून केलेली. नखाएवढीही चीप नसेल. काचेच्या मागे सोन्याचा वर्ख घातलेला असतो, असं मुलीने सांगितलं, आणि चिपा मुद्दाम थोड्या वाकड्या बसवतात, म्हणजे उजेड हलला की भिंत हलते. खिडक्यांना काच नव्हती. पातळ तासलेला दगड बसवला होता, त्यातून मधासारखा उजेड यायचा. बाहेर धुकं असूनही आत ऊन पडल्यासारखं वाटत होतं.

डाव्या भिंतीवर बायकांची रांग होती. पांढरी वस्त्रं, सोन्याचे अंगरखे, हातात मुकुट. प्रत्येक दोघींच्या मध्ये एक झाड. ते झाड मी लांबूनच ओळखलं. आमच्याकडे शिंदी म्हणतात तेच, खजुरीच्या जातीचं. त्याच्या खोडाची खवलंसुद्धा बरोबर बसवली होती. ज्याने ते केलं त्याने झाडाखाली उभं राहून बघितलं असणार.

"या सगळ्या चालल्या कुठे?" मी विचारलं.

"मारियामातेकडे. ती तिकडे टोकाला बसलीय, बाळाला घेऊन."

"मग पोचत का नाहीत?"

"पप्पा, हजार-दीड हजार वर्षं झाली त्यांना चालताना."

"आपल्या विरारच्या रस्त्यावरून निघाल्या असतील."

ती मोठ्याने हसली, आणि एका म्हाताऱ्या सेवकाने ओठावर बोट ठेवून आमच्याकडे बघितलं. त्या सगळ्या मुक्कामात ती तेवढीच एकदा अशी हसली.

मी त्या देवळात किती वेळा गेलो सांगता येणार नाही. ती नसली तरी जायचो. भिंतीलगतच्या बाकावर बसायचो आणि वर बघायचो. सेवक मला ओळखायला लागला होता. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणायचा, मी माझ्या भाषेत उत्तर द्यायचो, दोघांचं समाधान.

एका गुरुवारी तिने मला दाराजवळच्या भिंतीवर एक चित्र दाखवलं. राजवाडा. पांढरे खांब, खांबांमध्ये कमानी, आणि प्रत्येक कमानीत गाठ मारलेला पडदा. मी म्हटलं, छान आहे. ती म्हणाली, "नीट बघा. खांबावर बघा."

बराच वेळ मला काही दिसलं नाही. मग दिसलं. एका खांबावर हात होता. मनगटापासून पुढचा नुसता हात, बोटं उघडी, खांबाच्या पांढऱ्यावर. हाताला माणूस नव्हता. माणूस असायला हवा तिथे पडदा होता. मग पुढच्या खांबावर आणखी एक हात. पलीकडे आणखी.

"हे काय?"

तिने सांगितलं ते असं. हे देऊळ ज्या राजाने बांधलं, त्याने कमानींत आपली माणसं उभी केली होती, काचेची. पुढे दुसऱ्यांचं राज्य आलं. त्यांनी आधीच्यांची माणसं चिपाचिपा उपटून काढली आणि त्या जागी पडदे बसवले. पण काही हात कमानीच्या बाहेर, खांबावर आलेले होते. ते काढायचे तर खांब खराब झाला असता. म्हणून हात राहिले.

"आणि कुणाचे ते माहीत नाही?"

"नाही."

मी खाली बसलो. माझ्या डोळ्यांपुढून ते जाईना. माणूस गेला तर पुरा जावा. हात मागे ठेवून जाणं हे मला बरं वाटलं नाही.

त्याच देवळाच्या खाली तळघर आहे. आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, मागच्या पायऱ्या उतरून एका झरोक्यातून बघायचं. मी वाकून बघितलं तर खाली पाणी. स्वच्छ, गुडघाभर, तळाला रंगीत फरशी, आणि पाण्यात लाल मासे. खांबांचे पाय पाण्यात उभे. सगळं गाव दलदलीवर वसलेलं, देऊळ खचत जातं, फरशी पुन्हा पुन्हा वर उचलावी लागली, तरी खालून पाणी येतंच, असं मुलीने सांगितलं. एका कोपऱ्यात पंप गुरगुरत होता.

"बावखल," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "मला पहिल्यांदा बघितल्यावर तेच आठवलं."

आमच्याकडे प्रत्येक वाडीत बावखल असायचं, गोड्या पाण्याचं खोल तळं. त्यातच ती पोहायला शिकली. तिची आई काठावर काठी घेऊन बसायची. आता उमेळ्यात बावखलं भरून त्यावर इमारती उभ्या केल्यात, आणि पाऊस लागला की पाणी आपली जागा शोधत घरात शिरतं. आमचं मी अजून राखलंय. मुलाने दोनदा भरणीचा ट्रक आणला आणि दोनदा मी ट्रकसमोर खुर्ची टाकून बसलो.

हे सगळं मी तिला तिथे, झरोक्याशी वाकलेला असतानाच सांगितलं. आणि त्या भरातच म्हटलं, "चल आता. बास झालं. तिकीट काढू. आईला मूठमाती दे, मी जागा ठेवलीय."

वर आलो, बाकावर बसलो. बायकांच्या रांगेखालीच. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"पप्पा, मी येणार नाही."

"कागद कधी मिळतील?"

"कागद आहेत."

"कधीपासून?"

ती म्हणाली, "आई गेली तेव्हाही होते. मी ज्यांच्याकडे काम करते त्या बाई तिकीट काढून द्यायला तयार होत्या. मीच नको म्हटलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, तेच, सावकाश, जसं ती तिच्या म्हातारीला सांगत असेल.

"का?" मी विचारलं.

"आले असते तर तुम्ही मला परत सोडलं असतं?"

"नसतं सोडलं."

"मग."

"स्वतःच्या आईला..."

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "ती फोनवर मला म्हणाली होती, येऊ नकोस. आलीस तर तुझा बाप तुला दारातून बाहेर पडू देणार नाही."

हे बायकोने मला कधी सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात महिनाभर मी तिच्या खाटेशी बसून होतो, पेज भरवत होतो, तेव्हाही नाही.

मी म्हटलं, "घरी काय कमी होतं तुला? काय त्रास दिला आम्ही?"

"त्रास कुणी दिला नाही. पण तिथे मी कुणाची बहीण, कुणाची नणंद, कुणाची लग्न न झालेली आत्या. भावाच्या घरातली मधली खोली, तिला दोन्हीकडून दारं, सगळे माझ्यातून ये-जा करायचे. इथे माझी खोली एवढीशी आहे. पण दाराला आतून कडी आहे."

"कडीसाठी आईबाप सोडलेस."

"हो," ती म्हणाली. "कडीसाठी."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला घेऊन आलो असतो, ओढून आणलं असतं. तिने मोजे पुन्हा घातले, एकेक बोट नीट बसवत. मी वर त्या बायकांकडे बघत राहिलो. सगळ्यांचे चेहरे सारखे वाटायचे मला, त्या दिवशी वेगवेगळे दिसले. एकीचीही नजर टोकाला बसलेल्या मातेकडे नव्हती. सगळ्या सरळ समोर बघत होत्या, आमच्या डोक्यावरून.

त्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा मी तिच्याशी बोललो नाही. मिस्सा झाली, आम्ही शेजारी बसलो, पाव-चीज खाल्लं, ती गेली. पुढच्या गुरुवारीही तसंच. माझं परतीचं तिकीट जवळ आलं होतं. शेवटच्या रविवारी आम्ही देवळातून बाहेर पडलो. धुकं थोडं उठलं होतं. देवळाच्या बाजूला ओल काढायचं काम चालू होतं, भिंतीच्या पायाशी चर खणलेला आणि बाजूला मातीचा ढीग. रविवार म्हणून मजूर नव्हते. ती दोरीखालून वाकून आत गेली, मोजा काढला आणि ढिगातली मूठभर माती घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"ही न्या," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलेल्या जागेत घाला."

"कुठली माती ही?"

"देवळाची."

"परक्या देवळाची. माझ्या बायकोच्या अंगावर मी असली माती घालू?"

"माझ्या हातची आहे."

"हात तिकडे आण. मग घाल."

"पप्पा."

"नाही म्हणजे नाही."

ती तशीच उभी राहिली, मूठ पुढे करून. मीही उभा राहिलो. आमच्या घरात हट्ट कुणाकडून आला हे सांगायला नको. मूठ मी घेतली तर तिचं न येणं कबूल झालं. मग ती जागा बुजली, आणि तिला यायला कारण उरलं नाही. खळगा उघडा होता तोवर ती माझ्या हिशेबात वाटेवर होती. हे तिलाही कळत होतं. म्हणूनच ती मूठ मागे घेत नव्हती. थंडीने तिची बोटं लाल झाली होती, मग पांढरी पडायला लागली. लोक आमच्याकडे बघत बाजूने जात होते. तिच्या खिशात फोन वाजला, म्हातारी उठली असणार. तिने तो घेतला नाही.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिच्या आईचा हात. अंगठा तसाच बाहेर वळलेला. मी खिशातून तंबाखूची डबी काढली, होती ती तंबाखू ढिगावर झटकली आणि डबी उघडी धरली.

तिने माती डबीत सोडली. एक चिमूटही खाली सांडली नाही. मग फोन कानाला लावला आणि त्यांच्या भाषेत, अगदी मऊ आवाजात, "येते, येते" असं काहीतरी म्हणत ती निघाली. कोपऱ्यावर वळताना मागे बघून हात केला. मी हात केला नाही. माझे दोन्ही हात डबीवर होते.

विमानतळावर सामान सगळं उघडून बघितलं, पण डबी कुणी उघडली नाही. घरी आलो तेव्हा मुलाने माझ्या मागे बघितलं. सुनेने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच कबरीवर गेलो. कौल उचललं. मी नसताना खळगा मोठा झाला होता, कडा ढासळून आत पडल्या होत्या, खाली मुंग्यांनी घर केलं होतं. डबी उपडी केली. तांबूस, विटकरीसारखी माती, त्यात चुन्याचे पांढरे कण. आमची माती काळी. ती मूठ तळाला पडली आणि तिथेच तांबडी दिसत राहिली. खळगा तेवढ्याने भरला नाही. निम्माही नाही. मूठभर मातीने किती भरणार? मी कौल परत घातलं नाही, घरी घेऊन आलो.

गुरुवारी तिचा फोन आला. "घातली?"

"घातली."

"बरं." मग, "आता लादी बसवून घ्या, पप्पा."

"बघतो."

त्यानंतर तिने यायचं नाव काढलं नाही आणि मी विचारलं नाही. गुरुवारी फोन येतो. धुकं आहे का, विचारतो. आहे म्हणते. बावखल आहे का, विचारते. आहे म्हणतो.

मृतांच्या दिवसाच्या आधी मुलाने गवंडी आणला. काळी लादी, वर बायकोचं नाव, क्रूस. गवंडी तरुण होता, कामाचा. त्याने माती सपाट करायला घेतली आणि मला हाक मारली. "बाबा, पावसाने माती खचून इथे उशाशी खड्डा झालाय. भर टाकतो आणि ठोकून घेतो."

"टाकू नको."

"खाली पोकळ राहिलं तर लादी तडकेल."

"तडकू दे."

त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने जमिनीकडे बघितलं. लादी तशीच बसली.

आता रविवारी मिस्सेनंतर मी तिथे जातो. काठीने उशाकडची लादी ठोकून बघतो. बाकी सगळीकडे आवाज भरीव येतो, तिथे पोकळ येतो. यंदाच्या पावसाळ्यात त्या कोपऱ्याला केसाएवढी चीर गेलीय. मुलगा म्हणतो, बदलून घेऊ. मी बदलू दिलेली नाही.